ट्रेलर ओढायचाय, मग ३.२१ घ्यायचा की ३.९२?

इथे डेन्व्हरला ओळखीतले दोन-तीन जण सध्या हाफ टन ट्रक (म्हणजे फुल-साइज पिकअपमधले सगळ्यात हलके) बघतायत आणि सगळ्यांची गाडी एकाच प्रश्नाशी येऊन थांबते. व्ही-८ इंजिन घ्यायचं नक्की, पण ॲक्सल रेशो, म्हणजे चाकाची एक फेरी व्हायला गिअरबॉक्सकडून येणारा दांडा किती फेऱ्या मारतो तो आकडा, ३.२१ घ्यायचा की ३.९२. आकडा मोठा तेवढा चाकाला जोर जास्त, पण इंजिनही जास्त फिरतं. मी दोन्ही वापरलेत. आधी दोन वर्षं ३.२१ होता, आता ३.९२ ला तिसरं वर्ष चालू आहे. इंजिन तेच, आठ स्पीडचा ऑटोमॅटिक तोच आणि मागे ट्रेलर पण तोच, २६ फुटी, सामान आणि पाणी भरून साधारण ६,५०० पाउंड. मोजमाप वगैरे काही केलेलं नाही, जे हाताला आणि कानाला जाणवलं ते सांगतो.

३.२१ रोजच्या वापराला फार छान होता, हे आधी सांगून टाकतो. ६५ मैलांच्या स्पीडला आठव्यात इंजिन कसंबसं १,५०० आरपीएमवर, आत एकदम शांत, आणि रिकाम्या ट्रकला हायवेवर गॅलनला २०-२१ मैलांचं मायलेज आरामात मिळायचं. ३.९२ त्याच स्पीडला १,८५० च्या आसपास फिरतो आणि मला साडेअठराच्या वर क्वचितच मिळालंय. ट्रेलर लावला की मात्र दोन्ही नऊ-दहावर येतात, कारण मग सगळं पेट्रोल ट्रेलरचं ते चौकोनी तोंड वाऱ्यातून ढकलण्यातच जातं. त्यामुळे ज्याचं रोज लांबचं ऑफिस आहे आणि ट्रेलर वर्षातून तीन-चारदाच निघणार आहे, त्याने ३.२१ घेतला तर मी चुकलास म्हणणार नाही.

आता घाट. डेन्व्हरहून डोंगरात जाणाऱ्या आय-७० हायवेवर जॉर्जटाउन सोडलं की आयझेनहॉवर टनेलपर्यंत नुसता चढ, टनेल ११,००० फुटांच्या वर आहे आणि टर्बो नसलेल्या इंजिनाची तिथल्या विरळ हवेत जवळपास एक तृतीयांश ताकद गेलेली असते. इथे ३.२१ झोपणार असं बहुतेकांना वाटतं, मलाही वाटायचं, पण तसं होत नाही. ३.२१ चौथ्यात जे काम करतो तेच ३.९२ पाचव्यात करतो. हिशोबच करून बघा ना, चौथ्या गिअरचा रेशो १.६७ आहे, त्याला ३.२१ ने गुणलं की ५.३६, आणि पाचवा १.२९, त्याला ३.९२ ने गुणलं की ५.०६. म्हणजे टो-हॉल मोड (ट्रेलर ओढताना खालचा गिअर धरून ठेवणारा) लावून ट्रक दोन्हीकडे साधारण तेवढ्याच आरपीएमवर ओरडत चढतो. टनेलपलीकडे सिल्व्हरथॉर्नकडे उतरताना पण तेच, सहा-सात टक्क्यांचा उतार आहे, ३.२१ ला एक गिअर खाली ठेवला की इंजिन ब्रेकिंग पुरतं. तेव्हा आठ गिअर आहेत, ॲक्सलकडे बघू नका असं जे सांगतात ते घाटापुरतं मला तरी पटलं.

पण हे आठ गिअर पुढे जायला आहेत. मागे जायला एकच आहे.

आमच्या घराचा ड्राइव्हवे चढाचा आहे, सिमेंटचा, आणि रस्ता अरुंद असल्यामुळे ट्रेलर उलटाच आत घालावा लागतो. बायको मागच्या कोपऱ्याला उभी राहून फोनवर सांगत असते, "अजून थोडं, डावीकडे, हां, आता सरळ." ट्रेलरची चाकं फुटपाथच्या कडेच्या त्या दोन-तीन इंचाच्या उंचवट्याला टेकायची आणि ३.२१ तिथेच अडायचा. पाय थोडा दाबला तर काही नाही, अजून दाबला तरी नाही, टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि गिअरबॉक्सला तेलातून जोडणारा भाग) आतल्या आत घसरत बसायचा, इंजिन दोन हजारावर जायचं आणि मग एकदम सगळं धाडकन फूटभर मागे. एकदा तर ती पटकन बाजूला झाली म्हणून बरं, त्या दिवशी माझे हात थरथरत होते. टनेलच्या चढावर ट्रान्समिशनचं टेंपरेचर २०० फॅरनहाइटच्या पुढेमागे असायचं ते स्वतःच्या दारात दहा मिनिटांत २२५ वर गेलेलं मी बघितलंय. फोर-लो (चारही चाकांना जोर देणारी हळू रेंज) लावा असं सगळे सांगतात आणि कॅम्पग्राउंडच्या खडीवर ते चालतंही, पण कोरड्या सिमेंटवर स्टिअरिंग पूर्ण वळवून फोर-लो मध्ये ट्रक उलटा घेतला की पुढची चाकं अडखळत उड्या मारतात, ते मला सहन होत नाही.

३.९२ मध्ये रिव्हर्स गिअर तोच आहे, पण चाकाला जोर २२ टक्के जास्त मिळतो. आता ब्रेकवरून पाय हळूच उचलायचा, नावाला गॅस द्यायचा, चाक तो उंचवटा चढून जातं आणि ट्रक इंच-इंच सरकतो. तिने थांब म्हटलं की तिथेच थांबतो. माझ्यासाठी विषय तिथेच संपला.

एक मात्र लक्षात ठेवा, ३.९२ घेतल्यावर कागदावरचं टोइंग रेटिंग (किती वजन ओढता येईल) बरंच वाढतं पण पेलोड (ट्रक स्वतःवर किती वजन घेऊ शकतो) काही त्याने वाढत नाही. माझ्या ट्रेलरचं हिचवर, म्हणजे ट्रकला जोडतो त्या जागी, येणारं वजनच साडेआठशे पाउंडच्या घरात आहे, त्यात चौघं बसले, ट्रकच्या मागच्या बेडमध्ये कूलर आणि जनरेटर गेला की दाराच्या पिवळ्या स्टिकरवरचा पेलोडचा आकडा आधी संपतो. नुसत्या रेटिंगसाठी ३.९२ घेत असाल तर ते स्टिकर आधी वाचा. आणि आत्ता ३.२१ घेऊ, जमलं नाही तर नंतर बदलू, हा विचार शक्यतो नको. फोर बाय फोरला पुढचे-मागचे दोन्ही ॲक्सल उघडावे लागतात, वर कॉम्प्युटरला नवीन रेशो सांगावा लागतो तो वेगळाच.

ज्यांचा ट्रेलर सपाट स्टोरेज लॉटमध्ये राहतो आणि जे समोरून आत, समोरून बाहेर अशाच जागा बुक करतात त्यांना कदाचित यातलं काहीच जाणवणार नाही. बाकीच्यांनी जमल्यास टेस्ट ड्राइव्हला आपलाच ट्रेलर लावून न्या, आणि हायवेला जायच्या आधी एखाद्या चढावर तो उलटा चढवून बघा.