टाकीतला फ्लोट आणि खारा वारा : अकरा महिन्यांच्या वापरानंतर

आमचं घर गुहागर तालुक्यात, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. मागे माड-पोफळीचं आगर, आगराच्या टोकाला विहीर, विहिरीवर एक अश्वशक्तीची सिंगल फेज मोटर आणि स्लॅबवर हजार लिटरची काळी टाकी. घरात आई-बाबा दोघंच असतात. मी चिपळूणला नोकरीला, शनिवार-रविवारी येतो. टाकी भरली का हे बघायला बाबा भर पावसातही स्लॅबवर चढायचे. स्लॅबला शेवाळ, एका हातात छत्री, वय चौऱ्याहत्तर. मागच्या वर्षी श्रावणात ते घसरले. खरचटण्यावर निभावलं, पण त्या रात्री मला झोप लागली नाही. दिवाळी झाल्यावर पाण्याची पातळी ओळखून मोटर आपोआप चालू-बंद करणारा सेन्सर बसवला. त्याला आता अकरा महिने झाले. एक उन्हाळा, वळवाचे गडगडाट आणि आख्खा पावसाळा त्याने बघितला, म्हणून आता लिहितोय.

आधी जे घेतलं नाही त्याबद्दल. बाजारात सगळ्यात स्वस्त मिळतो तो वायरीला लोंबणारा गोळा. पाणी चढलं की गोळा वर उचलला जातो आणि मोटर बंद होते. पण बऱ्याच घरांत त्यातून थेट २३० व्होल्ट नेलेले असतात. ज्या पाण्यात ती वायर बुडालेली, त्याच पाण्याने घरातली माणसं आंघोळ करतात. वायरीचं कवच कुठे चिरलं तर काय होईल हा विचार मला सहन होत नाही. टाकीत जे उतरेल ते बारा किंवा चोवीस व्होल्टचंच असावं, आणि मोटरच्या लाइनवर ३० मिलिअँपचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लाइन तोडणारा स्विच, असावाच. यात मी कोणाचं ऐकणार नाही.

आवाजाच्या लहरींनी पातळी मोजणाऱ्या अल्ट्रासॉनिक सेन्सरचा मोह झाला होता, कारण तो पाण्याला लागत नाही. पण स्वस्तातल्या सेन्सरला स्वतःच्या तोंडापासून वीस-पंचवीस सेंटिमीटरमधलं काही दिसत नाही आणि माझी टाकी जेमतेम मीटरभर उंच. शिवाय झाकणाला आतून सतत घाम धरतो. थेंब सेन्सरच्या तोंडावर बसला की आकडे भरकटतात. सोडून दिला.

मग पहिल्यांदा बसवल्या त्या स्टीलच्या तीन सळ्या. एक तळाशी, एक खालच्या पातळीला, एक वरच्या. पाणी सळ्यांना टेकलं की त्यातून किंचित वीज वाहते आणि मोटर चालू-बंद करणाऱ्या कंट्रोलरला कळतं. फेब्रुवारीपर्यंत सगळं छान चाललं. मार्चमध्ये एका संध्याकाळी टाकी भरून वाहायला लागली, मोटर थांबेचना. आईने मेन स्विच पाडला आणि मला फोन केला. शनिवारी सळ्या बाहेर काढल्या, तर धन टोकाची सळी झिजून निमुळती झालेली, अंगभर बारीक खड्डे आणि तपकिरी थर. वरच्या सळीवर पांढरा साका. कारण साधं आहे. माझा कंट्रोलर सळ्यांना डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज, देत होता. डीसीने पाण्यात विद्युत-अपघटन होतं आणि धन बाजूचा धातू हळूहळू विरघळतो. त्यात समुद्राकाठच्या विहिरीचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं आणि त्यातलं क्लोराइड ३०४ या नेहमीच्या प्रतीच्या स्टीलला भोकं पाडतं. सळ्याच वापरायच्या असतील तर त्यांना एसी, म्हणजे दिशा बदलत राहणारी वीज, देणारा कंट्रोलर घ्या आणि सळ्या ३१६ प्रतीच्या स्टीलच्या घ्या; त्यात मॉलिब्डेनम असतं, खाऱ्यात ते जास्त तग धरतं. दुकानात हे मला कोणी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

एप्रिलमध्ये सळ्या काढून चुंबकाचे फ्लोट बसवले. आज जे सांगतोय ते त्यांच्याबद्दल. मधे एक पोकळ दांडी, तिच्यात काचेच्या नळीतला रीड स्विच, दांडीवर वर-खाली सरकणारा फ्लोट आणि फ्लोटच्या पोटात चुंबक. चुंबक रीडसमोर आला की आतल्या दोन पात्या जुळतात आणि स्विच चालू होतो. पाणी आणि वीज यांची गाठच पडत नाही, म्हणून झिजण्याचा प्रश्न नाही. दांडीच्या टोकाची क्लिप काढून फ्लोट उलटा घातला की स्विचचं वागणं उलटं होतं. पाणी चढल्यावर जुळणारा स्विच पाणी चढल्यावर सुटायला लागतो. बसवायच्या आधी मल्टिमीटर लावून, फ्लोट हाताने वर-खाली करून कोणता कसा वागतो ते दांडीवर लिहून ठेवा. टाकीच्या तोंडात वाकून, घाम पुसत हे तपासणं फार जिकिरीचं.

जोडणीत सगळ्यात जास्त विचार मी एकाच गोष्टीचा केला. वायर तुटली तर काय होईल? उंदीर कुरतडतो, माडाची झावळी पडते, जोड कुजतो. वायर कधीतरी तुटणारच. तुटल्यावर मोटर चालू राहिली तर पाणी वाया, किंवा विहीर उपसून मोटर कोरडी चालून जळणार. म्हणून वरचा फ्लोट असा ठेवला की टाकी रिकामी असताना तो जुळलेला आणि भरली की सुटणारा. विहिरीतला बरोबर उलट, पाणी असेपर्यंत जुळलेला आणि पाणी फुटव्हॉल्व्हच्या (पाणी ओढणाऱ्या पाइपाच्या तळच्या तोंडाच्या) वर दोन फुटांपर्यंत उतरलं की सुटणारा. हे दोन्ही एकामागे एक जोडले. दोन्ही जुळलेले असले तरच मोटर चालते, आणि वायर कुठेही तुटली तरी ती बंदच होते. टाकीतला खालचा फ्लोट फक्त मोटर सुरू करायला. पाणी उतरलं की जुळतो. त्याची वायर तुटली तर मोटर लागत नाही, एवढंच.

आमच्या वायरमनदादांनी आधी रीडमधून थेट कॉन्टॅक्टरची (मोटरचा भार जोडणाऱ्या-तोडणाऱ्या मोठ्या स्विचची) कॉइल चालवायचं सुचवलं होतं. मी नको म्हटलं. रीडच्या पात्या नाजूक असतात. कॉइल सुटताना उठणाऱ्या ठिणगीने त्या एकमेकींना चिकटतात, आणि चिकटलेला रीड म्हणजे न थांबणारी मोटर. कंट्रोलरमधल्या रिलेचं, म्हणजे आतल्या छोट्या स्विचचंही, तसंच आहे. त्यावर दहा अँपिअर लिहिलेलं असतं आणि मोटर चालताना सहा-सात घेते, म्हणून माणूस निर्धास्त होतो. पण सुरू होताना मोटर त्याच्या कितीतरी पट ओढते. रीडने कंट्रोलरला सांगायचं, कंट्रोलरने कॉन्टॅक्टरला आणि मोटरचा भार कॉन्टॅक्टरने उचलायचा. दादांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि तसंच करून दिलं.

पहिल्या आठवड्यात कॉन्टॅक्टर टकटक वाजायचा. वरून पडणाऱ्या धारेने पाणी हिंदकळायचं, फ्लोट नाचायचा. चार इंची पीव्हीसी पाइपाचा तुकडा टाकीत उभा केला, खाली पाण्यासाठी आणि वर हवेसाठी भोकं पाडली, फ्लोट त्याच्या आत सोडले. टकटक थांबली. वरचं भोक विसरू नका, नाहीतर हवा कोंडून आतली पातळी बाहेरच्या पातळीशी जुळत नाही.

आता खाऱ्या वाऱ्याचं. माझी खरी फजिती तिथे झाली. सळ्यांच्या वेळी मी टेलिफोनची वायर ओढली होती. सहा महिन्यांत तिचं कवच उन्हाने तडकलं, आतलं तांबं काळं पडून टोकाला हिरवट भुकटी झाली. एका कामाला रत्नागिरीला गेलो असताना मिरकरवाडा बंदराजवळ होड्यांचं वायरिंग करणाऱ्या एका काकांशी बोलणं झालं. ते म्हणाले, "आमच्याकडे उघडं तांबं कोणी घालीत नाय. कलई केलेली तार घ्या." कलईवाली तार महाग पडली, पण आज तिचं टोक सोलून बघितलं तरी आत चकचकीत आहे. विहिरीपासून घरापर्यंत ती स्वतंत्र पाइपातून नेली, मोटरच्या २३० व्होल्टच्या वायरीबरोबर एका पाइपात घातली नाही.

तरी जुलैत एकदा मोटर लागेना. स्लॅबवरच्या जंक्शन बॉक्समध्ये बोटभर पाणी. बॉक्स पाणबंद होता, पण वायर वरच्या बाजूने आत घेतली होती आणि वायरीवरून ओघळलेलं पाणी ग्लँडमधून, म्हणजे वायर आत जायच्या भोकाच्या बुचातून, आत उतरलं. आता वायर खालून आत जाते, आणि जायच्या आधी तिला खाली झोळ दिलाय, म्हणजे पागोळी झोळाच्या टोकाला गळून जाते. बॉक्सच्या तळाला बारीक भोक ठेवलंय. पूर्ण बंद बॉक्समध्येही कोकणात दमट हवा शिरते आणि आतच पाणी होतं. ते बाहेर जायला वाट हवी. तेव्हा मोटर लागली नाही, पण टाकी वाहिलीही नाही. याचसाठी जोडणीचा एवढा आटापिटा केला होता.

मेमधल्या वळवात एकदा कंट्रोलरचं इनपुट, म्हणजे सेन्सरची वायर जिथे जोडतात तो भाग, गेलं. वीज आमच्यावर पडली नव्हती, दूर कुठेतरी कडाडली. मेन स्विच बंद होता, तरीही गेलं. दूर वीज कडाडली तरी विहिरीपर्यंत गेलेल्या पन्नासेक मीटर वायरीत झटका उठतो, आणि मेन बंद करून ती वायर कंट्रोलरपासून सुटत नाही. आता सेन्सरच्या वायरी कंट्रोलरजवळ एका प्लगमध्ये आणल्यात. आकाश भरून आलं की आई तो प्लग उपसते. परतीच्या पावसातही हे नेमाने केलं.

तक्रारी दोन. टाकी अर्धी भरली असताना वीज गेली तर परत आल्यावर मोटर आपण होऊन लागत नाही, पाणी खालच्या फ्लोटपर्यंत उतरेपर्यंत वाट बघते. त्यासाठी स्वयंपाकघरात हिरवं बटण लावलं. दुसरी, मेच्या शेवटी टाकी तळाला असताना विहीरही खाली गेली की विहिरीतला फ्लोट सुटायचा, झऱ्याने पाणी थोडं चढलं की लगेच जुळायचा, आणि मोटर दर पाच मिनिटांनी लागायची. अर्ध्या तासाचा टायमर जोडल्यावर ते थांबलं. हे दोन्ही कंट्रोलरमध्येच असायला हवं होतं. घेताना विचारून घ्या.

पावसाळ्यात विहिरीचं पाणी तांबूस गढूळ होतं. गाळ दांडीवर बसतो, आणि जुन्या लोखंडी पाइपातून आलेला गंजाचा कीस चुंबकाला चिकटून फ्लोट अडकू शकतो. मी सप्टेंबरात एकदा काढून जुन्या टूथब्रशने साफ केले, आता आगोटीच्या कामांत पुन्हा करीन. सळ्यांचे वाया गेलेले पैसे धरून सगळा खर्च सात हजारांच्या आसपास झाला, त्यात वायर, पाइप आणि बॉक्स यांचा वाटा सेन्सरपेक्षा मोठा. एक जादा फ्लोट कपाटात ठेवलाय, कोणता कसा वागतो ते लिहिलेल्या चिठ्ठीसकट. स्लॅबचा जिना जूनपासून बाबांनी चढलेला नाही.