लवंग तेलाची बाटली, आत भलतंच तेल

गोल्डफिशला जलोदर झाला, खवले अननसासारखे उभे राहिले, पोट फुगलं, खाणं सुटलं, की तो वाचणं अवघड असतं. अशा माशाचे हाल थांबवायला घरी लवंग तेल वापरतात. त्यातलं युजेनॉल आधी भूल देतं आणि मात्रा वाढली की श्वास बंद पाडतं. (नुसता मारकुटा मासा असेल तर आधी वेगळी टाकी किंवा दुसरं घर शोधा. तो आजारी नसतो.)

फसवणूक बाटलीतच असते. अत्तर-अगरबत्तीच्या दुकानात किंवा ऑनलाइन मिळणाऱ्या बाटलीवर लवंगेचं चित्र आणि '१०० टक्के शुद्ध' असतं. आत मात्र कधी कधी पॅराफिन किंवा स्वस्त खाद्यतेल आणि त्यात जेमतेम पाचवा हिस्सा लवंग तेल. युजेनॉल इतकं उग्र की नाकाला तेवढंही पुरतं, म्हणून वासावर जाऊ नका.

२ लिटर पाण्यात १ मिली, असा हिशेब करून तेल घातलं तरी पाण्यात खरं ०.२ मिलीच जातं. तेवढ्याने गाढ भूल चढते, मरण येईलच असं नाही. मासा आडवा होतो, कल्ल्यांची हालचाल दिसेनाशी होते, घरचे मेला समजून कागदात गुंडाळतात आणि थोड्या वेळाने कचऱ्याच्या डब्यात शेपटी आपटल्याचा आवाज येतो. गोल्डफिश कमी प्राणवायूतही तग धरतो, त्यामुळे त्याच्या बाबतीत हे जास्त घडतं.

म्हणून माशाला हात लावण्याआधी तेल तपासा. लवंग तेल पाण्यापेक्षा जड असतं. ग्लासभर पाण्यात एक थेंब सोडा आणि काडीने पृष्ठभागाखाली ढकला. शुद्ध थेंब तळाशी जातो. पॅराफिन किंवा खाद्यतेल जास्त असेल तर उसळून वर येतो. दुसरी खूण कागदावरची: थेंब एक-दोन दिवस तसाच ठेवा, ठळक तेलकट डाग उरला तर भेसळ समजा. काही भेसळी या दोन्हीतून निसटतात, पण खाद्यतेलवाली पकडली जाते. लवंगेच्या पानांचं तेल स्वस्त असतं म्हणून ते खोटं नव्हे. त्यातही युजेनॉल भरपूर असतं. औषधाच्या दुकानातून घेताना लेबल पूर्ण वाचा. दातदुखीच्या काही बाटल्यांत लवंग तेलाबरोबर इतर घटक असतात.

तेल खरं असेल तर बादलीत टाकीतलंच २ लिटर पाणी घ्या आणि एअर पंपाचा दगड चालू ठेवा. १ मिली तेल सिरिंजने मोजून छोट्या बाटलीत १०० मिली कोमट पाण्यात घाला आणि दुधासारखं होईपर्यंत जोरात हलवा. थेट ओतलेलं तेल मिसळत नाही, वेगळंच राहतं. आधी या मिश्रणाचा दहावा भाग हळूहळू सोडा. मासा उलटला, शेपटीच्या देठाला चिमटा काढूनही हलला नाही, की उरलेलं पुन्हा हलवून सगळं ओता. मोठ्या माशाला पाणी आणि तेल दोन्ही त्याच प्रमाणात वाढवा. फायटर, गुरामी वर येऊन हवा घेतात, त्यांना जास्त वेळ लागतो. कल्ले थांबले तरी हृदय चालू असतं, म्हणून त्यानंतर अर्धा तास पाण्यातच ठेवा. मग धारदार सुरीने डोक्यामागचा मणका एका घावात तोडा. एवढ्यानंतर शंका उरत नाही.

शुद्धीवर असलेला मासा फ्रीझरमध्ये ठेवणं किंवा संडासात सोडणं हे हाल करून मारणं आहे. जिवंत मासा तळ्यात सोडणं त्याहून वाईट. टाक्यांतला सकर मासा उजनी धरणातल्या मच्छीमारांच्या जाळ्यांत असाच पोचला. मेलेला मासा पुरा, मांजराला घालू नका.

भेसळ सापडली तर बिल, लेबलचा फोटो आणि उरलेलं तेल जपून ठेवा आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. बिलाशिवाय तक्रारीत फारसा दम राहत नाही, आणि सुटं तेल विकणारे नेमकं तेच द्यायला टाळतात.