टॅटूचं लांब सिटिंग: आधी क्रीम की मधे स्प्रे?

बरगडीवर किंवा पाठीवर पाच-सहा तासांचं काम असेल तर पहिला प्रश्न हाच, बधीर कशाने करायचं. क्रीम म्हणजे आपल्याकडे मेडिकलमधे मिळणारं प्रायलॉक्स टाइप, म्हणजे लिडोकेन २.५ आणि प्रिलोकेन २.५ टक्के ही बधीर करणारी औषधं असलेलं, अखंड त्वचेवर जाड थर देऊन वरून प्लास्टिक गुंडाळायचं आणि किमान तासभर थांबायचं, घाईघाईत वीस मिनिटांत पुसलं तर काहीच उपयोग नाही. पुसल्यावर साधारण तास-दोन तास मस्त जातात, आउटलाइन आरामात होते, पण असर उतरला की सगळं एकदम अंगावर येतं, आणि शेडिंग तर तेव्हाच चालू असतं ना! काही आर्टिस्टना क्रीम आवडतच नाही, म्हणतात स्किन रबरासारखी लागते, त्यामुळे आधी विचारून घ्या.

स्प्रे मधेच मारायचा, सुई फिरून स्किन उघडली की दोन-चार मिनिटांत लागतो, पण टिकतो कमी. आणि उघड्या त्वचेतून औषध रक्तात पटकन जातं, म्हणून दर दहा मिनिटांनी फवारा नको.

माझं मत, क्रीम आधी, पण अख्ख्या पाठीला नाही, आज जेवढं काम तेवढ्यालाच. ऑनलाइन मिळणारे ‘एक्स्ट्रा स्ट्राँग’ डबे नकोच, २०२४ मधे अमेरिकेच्या एफडीएने (तिथली सरकारी औषध नियामक संस्था) ४ टक्क्यांहून जास्त लिडोकेनवाल्या अशा प्रॉडक्ट्सबद्दल इशारा दिलाय, हार्टबीट बिघडणं, फिट येणं असले प्रकार होऊ शकतात. हार्टचा त्रास असेल तर आधी डॉक्टर. आणि उपाशीपोटी बसू नका, वडापाव तरी खाऊन जा.