रबाळ्याच्या प्रयोगशाळेत नारिंगी बुरशीची परीक्षा

जंगली बुरशीच्या अर्कात जीवाणूंना रोखणारे काही द्रव्य आहे का, हे शुल्क घेऊन तपासून देणाऱ्या खासगी प्रयोगशाळा ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या औद्योगिक वसाहतीत आहेत, हे सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत असूनही मला गेल्या वर्षीपर्यंत ठाऊक नव्हते. पदवीच्या शेवटच्या वर्षातील दोन विद्यार्थिनींच्या प्रकल्पासाठी रबाळे येथील अशा एका प्रयोगशाळेकडून आम्ही तीन नमुने तपासून घेतले. तक्रारीचे मुद्देही मांडायचे असल्याने प्रयोगशाळेचे नाव देत नाही. ज्या शिक्षकांना किंवा विद्यार्थ्यांना अशी सेवा घ्यायची आहे, त्यांना तेथे काय मिळते आणि काय मिळत नाही हे कळावे, एवढ्यासाठी हे लिहितो आहे.

नमुने घोडबंदर रस्त्यावरील आमच्या सोसायटीच्या आवारातलेच होते. वादळात पडलेल्या रेन ट्रीचे ओंडके कुंपणाला लावून ठेवलेले आहेत आणि दर पावसाळ्यात त्यांवर निरनिराळ्या बुरशी उगवतात. त्यांतली गॅनोडर्मा, पांढुरक्या पंख्यांसारखी दिसणारी शिझोफायलम कम्युन आणि शेंदरासारख्या रंगाची, कडक, पातळ पायक्नोपोरस या तीन आम्ही निवडल्या. मुलींना खरे तर येऊरला जायचे होते, परंतु येऊरचे जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे आणि तेथून वनविभागाच्या परवानगीशिवाय वाळकी काटकीही उचलता येत नाही. प्रयोगशाळेच्या अर्जात नमुना कोठून, कोणाच्या जमिनीवरून आणि कोणत्या परवानगीने गोळा केला, असा स्वतंत्र रकाना आहे आणि तो रिकामा ठेवलेला चालत नाही, ही मला आवडलेली पहिली गोष्ट.

दुसरी गोष्ट आवडली तेव्हा थोडी लाज वाटली. आम्ही गॅनोडर्माचा नमुना प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून नेला होता. नमुने स्वीकारणाऱ्या तंत्रज्ञ बाईंनी पिशवी उजेडाकडे धरली आणि म्हणाल्या, "सर, याच्यावर हिरवी बुरशी चढली आहे. उद्या जीवाणू रोखल्याचा झोन आला तर तो तुमच्या गॅनोडर्माचा की या पेनिसिलियमचा, हे मी कशावरून सांगणार?" त्यांनी तो नमुना परत केला आणि त्याचे पैसेही बिलात धरले नाहीत. जुलैतल्या ठाण्याच्या दमट हवेत ताजी अळंबी कागदी पिशवीतून न्यावी आणि त्याच दिवशी चाळीस अंश सेल्सिअसच्या आसपास सुकवावी, हे वर्गात शिकवणाऱ्या माणसाला तेथे पुन्हा ऐकावे लागले. आठवड्याने सुकवलेला नवा नमुना दिला, तो मात्र स्वीकारला गेला.

पहिली चाचणी डिस्कची. वाळलेल्या बुरशीची पूड इथाइल ॲसिटेट या द्रावात भिजवून अर्क काढला जातो, तो अर्क डीएमएसओ या दुसऱ्या द्रावात विरघळवून कागदी चकतीवर सोडतात आणि ती चकती जीवाणू पसरलेल्या म्युलर-हिंटन अगारवर (जीवाणू वाढवण्याच्या जेलीसारख्या माध्यमावर) ठेवून रात्रभर उबवतात. सकाळी चकतीभोवती जीवाणू न वाढलेले जे स्वच्छ वर्तुळ दिसते, तोच झोन. पायक्नोपोरसच्या अर्काने स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जीवाणूवर चौदा मिलिमीटरचे वर्तुळ दिले, इ. कोलाय या दुसऱ्या जीवाणूवर काहीच दिले नाही आणि उरलेल्या दोन बुरशींनी दोन्हींवर काहीच दिले नाही. इ. कोलायसारख्या ग्रॅम-निगेटिव्ह जीवाणूंना बाहेरून आणखी एक आवरण असते आणि पुष्कळशी द्रव्ये तेथेच अडतात, त्यामुळे या निकालात आश्चर्य नव्हते. आश्चर्य वाटले ते पहिल्या अहवालात नुसत्या डीएमएसओच्या चकतीचा उल्लेखच नव्हता याचे. जो द्राव वापरला तोच जीवाणूंना मारत नाही ना, हे दाखवल्याशिवाय चौदा मिलिमीटर या आकड्याला अर्थ नाही. विचारल्यावर त्यांनी नोंदवहीतून त्या चकतीचे छायाचित्र काढून दाखवले आणि तिच्याभोवती वर्तुळ नव्हते. म्हणजे काम नीट झाले होते, परंतु ते अहवालात उतरले नव्हते. या प्रयोगशाळेविषयीचे माझे एकंदर मत याच एका प्रसंगात आले आहे.

डिस्कच्या चाचणीवर विसंबू नये, असे मी आता स्पष्टच म्हणेन. मोठे किंवा पाण्यात न मिसळणारे रेणू अगारमधून नीट पसरत नाहीत, त्यामुळे चांगले द्रव्यसुद्धा लहान वर्तुळ देऊ शकते, आणि दोन वेगळ्या अर्कांच्या वर्तुळांची तुलना तर करूच नये. खरी किंमत आहे ती दुसऱ्या चाचणीची, म्हणजे किमान रोधक मात्रा काढण्याची. शहाण्णव खळग्यांच्या पट्टीत अर्क दर वेळी निम्मा करत नेतात आणि किती मात्रेपर्यंत जीवाणूंची वाढ थांबते ते पाहतात. वाढ झाली की रेझाझुरिन हा निळा रंग गुलाबी होतो. अडचण अशी की आमचा अर्क मुळातच नारिंगी होता, त्यामुळे पहिल्या काही खळग्यांत निळे कोणते आणि गुलाबी कोणते हे डोळ्यांना कळेना. तंत्रज्ञ बाईंनी कोणी न सांगता प्रत्येक संशयित खळग्यातला थेंब स्वच्छ अगारवर पसरवून दुसऱ्या दिवशी वाढ तपासली आणि मगच आकडा लिहिला. घाईच्या ठिकाणी हे कोणी करत नाही. आकडा आला मिलिलिटरला ५०० मायक्रोग्रॅम. कच्चा अर्क १०० मायक्रोग्रॅमच्या आत काम करत असेल तरच त्याच्यामागे लागावे, असा संकेत पुष्कळ संशोधक पाळतात, तेव्हा हा निकाल बेताचाच म्हणायचा.

आणि तरीही अहवालाच्या शेवटी इंग्रजीत जे वाक्य छापून आले, त्याचा अर्थ असा होता की नमुन्यात "नवीन आणि आशादायक" प्रतिजैविक द्रव्य आढळले आहे. माझी मुख्य तक्रार याच वाक्याविषयी आहे. या शेंदरी बुरशीला पूर्वी पॉलिस्टिक्टस सँग्विनिअस म्हणत, आणि १९४६ साली कलकत्त्याचे कवकशास्त्रज्ञ सहायराम बोस यांनी तिच्यातील प्रतिजैविक गुणाविषयी 'नेचर'मध्ये लिहून त्या द्रव्याला पॉलिपोरिन असे नावही दिले होते. तिचा रंग ज्या सिनाबरिन आणि सिनाबरिनिक आम्लासारख्या द्रव्यांमुळे येतो, तीच जीवाणूंना रोखतात, हेही पुढे दाखवले गेले आहे. मुलींना जे वर्तुळ दिसले त्याचे स्पष्टीकरण बहुधा त्या रंगातच होते. आधीच ठाऊक असलेले द्रव्य पुन्हा शोधून काढण्यात वर्षे वाया जाऊ नयेत म्हणून अर्क द्रव-वर्णलेखन आणि वस्तुमान वर्णपट यंत्रातून घालून ज्ञात रेणूंशी ताडून पाहणे, ही या क्षेत्रातली अगदी सुरुवातीची पायरी आहे. ती सेवा येथे नाही. नसू दे, पण मग "नवीन" हा शब्दही नको.

प्रतीक्षाकक्षात पेनिसिलिनचे मोठे चित्र लावले आहे आणि त्याखाली १९२८ हे साल. चित्र सुंदर आहे, परंतु फ्लेमिंगची पेनिसिलियम ही ब्रेडवर चढते तसली सूक्ष्म बुरशी. आपल्या कुत्र्याच्या छत्र्यांच्या कुळाचा दाखला द्यायचा तर प्ल्यूरोम्युटिलिनचा द्यायला हवा होता. ते १९५१ मध्ये एका छत्रीधारी बुरशीपासून मिळाले, त्यापासून बनवलेले टियाम्युलिन जनावरांसाठी आणि कोंबड्यांसाठी वापरात आले, आणि माणसाला पोटातून किंवा शिरेतून देता येईल असे लेफाम्युलिन अमेरिकेत मंजूर व्हायला २०१९ साल उजाडले. द्राक्षबागायतदार केवड्यावर आणि भुरीवर फवारतात ते ॲझॉक्सिस्ट्रोबिनसुद्धा पाइनच्या शंकूंवर वाढणाऱ्या एका छोट्या अळंबीतील द्रव्यावरून बेतलेले आहे. मुलींना मी हे सांगितले तेव्हा त्यांना नाशिकचे द्राक्ष पटकन पटले, प्ल्यूरोम्युटिलिन मिळाल्यापासून लेफाम्युलिन मंजूर होईपर्यंतची ६८ वर्षे मात्र पटली नाहीत.

ओळख पटवण्याची सेवा साधारण आहे. बुरशीची आयटीएस ही जनुकीय खूण वाचून आणली जाते, पण ते काम बाहेर पाठवले जाते आणि त्यात तीन आठवडे गेले. शुद्ध संवर्ध (माध्यमावर एकटीच वाढवलेली जिवंत बुरशी) जपून ठेवण्याची सोय तेथे नाही, आणि ती लागतेच, कारण ओंडका पुढच्या वर्षी कुजून गेला तर तोच नमुना पुन्हा कोठून आणायचा? आम्ही बुरशीच्या आतल्या गराचा तुकडा घेऊन महाविद्यालयातच संवर्ध वाढवला आहे. ज्यांच्याकडे काही खरोखर जपण्यासारखे निघेल त्यांनी पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील राष्ट्रीय कवक संवर्ध संग्रहाशी संपर्क साधावा.

दर महाविद्यालयाला झेपतील असे आहेत. विद्यार्थ्यांच्या पत्रावर सवलत मिळते, मात्र ती मागावी लागते. जाणे-येणे सोपे आहे: ठाण्याहून वाशीची किंवा पनवेलची लोकल धरून रबाळ्याला उतरावे आणि पुढे रिक्षा करावी, फक्त दुपारी दोनच्या आधी पोहोचावे, कारण त्यानंतर नमुने घेत नाहीत.

पुढच्या पावसाळ्यात मी पुन्हा तेथेच जाईन. डिस्कचे पैसे वाचवून थेट किमान रोधक मात्रा मागेन, नुसत्या द्रावाची आणि तुलनेसाठी जेंटामायसिन या ज्ञात प्रतिजैविकाची आकडेवारी अहवालात छापून हवी असे मागणीपत्रातच लिहीन, आणि निष्कर्षाची ओळ आमची आम्ही लिहू असे कळवीन. या वेळच्या अहवालाची दुरुस्त प्रत मागितली होती, ती दहा दिवसांनी आली. "नवीन" हा शब्द त्यांनी काढला आहे. "आशादायक" तसाच आहे.