एसव्हीजी की कॅनव्हास? तलावांच्या नकाशाचा अनुभव

वेबपानावर बोट लावताच प्रतिसाद देणारं चित्र करायचं, तर आज बहुतेकांचं घोडं एसव्हीजी की कॅनव्हास इथे अडतं. दोन्ही ब्राऊझरमध्येच असलेल्या चित्र काढायच्या पद्धती; एसव्हीजीत आकाराचं वर्णन लिहायचं, कॅनव्हासवर कोडने पिक्सेल, म्हणजे पडद्यावरचे बारीक ठिपके, रंगवायचे. माझी सुरुवात फ्लॅशवर झाली, मधे थोडे दिवस सिल्व्हरलाइटही करून पाहिलं. ही दोन्ही प्लगइन, म्हणजे ब्राऊझरला वरून जोडायची सॉफ्टवेअरं. फ्लॅश प्लेअर २०२०च्या अखेरीस बंद झाला, सिल्व्हरलाइटचा आधार ऑक्टोबर २०२१ मध्ये संपला. तेव्हा मन लावून केलेली कामं आता ब्राऊझरमध्ये उघडत नाहीत, याची हळहळ अजून वाटते. म्हणून प्लगइनच्या वाटेला पुन्हा जायचं नाही, एवढं आधीच ठरलं होतं.

ठाण्यातल्या तलावांचा नकाशा मी दोन्हींत करून पाहिला. मासुंदा, कचराळी, उपवन, रायलादेवी, ब्रह्माळा; तलावावर बोट ठेवलं की त्याची माहिती उघडायची. एसव्हीजीत प्रत्येक तलाव हा पानावरचा स्वतंत्र घटक असतो. त्याला क्लिक जोडा, सीएसएसने (पानाचं रंगरूप ठरवणाऱ्या भाषेने) रंग बदला, झालं. कॅनव्हास मात्र एकदा रेखाटलं की काय रेखाटलं ते विसरतो. बोट नेमकं कुठल्या तलावात पडलं, हे तपासायचा कोड मलाच लिहावा लागला. पण त्याचा फारसा त्रास झाला नाही. एकदा लिहिला की विषय संपतो.

त्रास दिला तो अक्षरांनी. कॅनव्हासवरचा नकाशा लॅपटॉपवर ठीक दिसत होता. आईच्या फोनवर उघडला, तर ‘ब्रह्माळा’मधला ‘ह्मा’ म्हणजे नुसता काळा ठिपका. फोनच्या पडद्यावर पिक्सेलची घनता जास्त असते; कॅनव्हासची रुंदी-उंची त्या पटीत वाढवून दिली, तेव्हा अक्षर सुधारलं. मग आईने नाव वाचायला सवयीप्रमाणे दोन बोटांनी नकाशा मोठा केला आणि ते पुन्हा फुटलं. कॅनव्हासवर शेवटी पिक्सेलच असतात. ताणले की पसरतात, नाहीतर दर वेळी नव्याने रेखाटा. त्यात वेबफॉन्ट (पानासोबत इंटरनेटवरून येणारा फॉन्ट) उतरायच्या आत चित्र काढलं गेलं, तर नावं भलत्याच फॉन्टात उमटतात आणि आपण पुन्हा काढेपर्यंत तशीच राहतात. एसव्हीजीत तेच नाव कितीही मोठं करा, जोडाक्षर रेखीव राहतं. फॉन्ट उशिरा आला तरी ब्राऊझर आपणहून बदलून घेतो. मराठीत काम करणाऱ्याला हा फरक इंग्रजीवाल्यापेक्षा जास्त जाणवत असावा.

कॅनव्हासची बाजूही सांगायला हवी. ठाणे खाडीवरचे फ्लेमिंगो दाखवायला मी काही हजार हलते ठिपके केले. एसव्हीजीत माझ्या जुन्या लॅपटॉपचा पंखा घरघरू लागला आणि थवा अडखळत सरकला. कॅनव्हासवर तो सुळकन गेला. हलणारी गर्दी असेल तर मी एसव्हीजीचा हट्ट धरणार नाही. लांब मजकुराच्या ओळी मात्र दोघांतही स्वतःच तोडाव्या लागतात. मी तर माहितीची चौकट साध्या एचटीएमएलमध्येच, म्हणजे वेबपानाच्या नेहमीच्या मजकुरातच ठेवली.

सध्या माझ्या नकाशात खाली कॅनव्हासवर पक्षी उडतात आणि वर एसव्हीजीत तलाव नि नावं आहेत. तुमच्या चित्रात नावं जास्त आणि हालचाल बेताची असेल, तर माझ्या मते एसव्हीजीच घ्यावं. तरी शंका वाटली, तर एखादं जोडाक्षरांचं नाव दोन्हींत लिहा आणि घरातल्या कुणाच्या तरी फोनवर दोन बोटांनी मोठं करून बघा.