मार्शल चेस क्लब, न्यूयॉर्क: ज्यांना पटाचं वेड आहे त्यांनी जावंच

लेकीकडे जर्सीला आलो की एक दिवस फक्त माझा असतो. या खेपेला तो मार्शल चेस क्लबला दिला. मॅनहॅटनमधल्या वेस्ट १० व्या स्ट्रीटवरचं २३ नंबरचं घर. हो, घरच, बाहेरून क्लब आहे असं वाटतही नाही. फ्रँक मार्शल यांनी १९१५ मध्ये क्लब काढला, आणि १९३१ पासून तो याच वास्तूत आहे.

मी सांगलीचा. बुद्धिबळाच्या प्रसारासाठी झटलेल्या भाऊसाहेब पडसलगीकरांच्या गावात वाढलो, त्यामुळे १९५६ चा तो डाव तोंडपाठ. पुढे जगज्जेता झालेल्या, तेव्हा १३ वर्षांच्या बॉबी फिशरनं काळ्या मोहऱ्यांनी अमेरिकन खेळाडू डोनाल्ड बर्नविरुद्ध १७ व्या खेळीला उंट ई६ या घरात नेला आणि वजीर खुशाल मारू दिला. ४१ व्या खेळीला मात! तो डाव याच क्लबात झाला. तिथे उभा राहिलो तेव्हा अंगावर काटा आला.

क्यूबाचा जगज्जेता कापाब्लांका याचं टेबलही इथेच आहे. १९६५ मध्ये कापाब्लांका स्मृती स्पर्धेसाठी फिशरला क्यूबातल्या हवानाला जायची अमेरिकी सरकारकडून परवानगी मिळाली नाही, तेव्हा याच क्लबात बसून तो टेलिप्रिंटरवरून खेळ्या पाठवत ती स्पर्धा खेळला.

सभासद नसलात तरी जादा प्रवेश फी भरून स्पर्धा खेळता येते. मी संध्याकाळची खेळलो. समोर शाळकरी मुलगी होती. मी हरल्यावर तिनं अख्खा डाव पुन्हा मांडून माझा घोडा कुठे चुकला ते दाखवलं. अगदी सांगलीच्या आमच्या बुद्धिबळ मंडळात दाखवायचे तसंच. पुढच्या वर्षी नातवाला घेऊन जाणार.