साइड व्हीलची अॅक्टिव्हा: चार टायर, आठ महिने आणि हवेचे आकडे

माझी गाडी २०१८ ची अॅक्टिव्हा फाइव्ह-जी स्कूटर, मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना साइड व्हील, म्हणजे आधाराची जादा चाकं बसवलेली. लहानपणी पोलिओ झाला, डावा पाय भार घेत नाही. मोजायला गेलं तर गाडीला चाकं चार आहेत, पण आमच्यात सगळे तिला तीनचाकीच म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणते. राहायला साताऱ्यात, नोकरी कोरेगावला. माहुलीच्या पुलावरून रोज जाऊन-येऊन चाळीसेक किलोमीटर होतात. मार्चमध्ये चारही टायर एकदम बदलले. उन्हाळा झाला, पावसाळा झाला, आता उसाच्या ट्रॉल्या सुरू झाल्या आहेत. ६,९०० किलोमीटर पळवून झाल्यावर लिहायला बसले आहे.

लिहिण्याचं कारण असं की टायर घेण्याआधी मी खूप शोधलं आणि साइड व्हीलच्या गाडीत हवा किती भरायची हे कुणीच सांगेना. गाडीसोबत आलेल्या पुस्तकात पुढे २२ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप), मागे एकट्याला २९ आणि डबलसीटला ३६ असे आकडे आहेत. ते दोन चाकांवर पळणाऱ्या गाडीचे. साइड व्हीलचं किट बसवणाऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, "टाइट भरा, टायर जास्त चालतो." पंपावरचा मुलगा तर न विचारता सगळ्यांत पस्तीस भरून मोकळा होतो. मीही सहा वर्षं तेच करत आले. त्या सहा वर्षांत साइडचे टायर दर पाच हजार किलोमीटरला झिजून गोटा व्हायचे. पावसात घराच्या चढावर मधलं चाक, म्हणजे गाडीचं मूळ मागचं चाक, जागच्या जागी फिरायचं आणि गाडी तिथेच. मागून येणारा हॉर्न वाजवणार, मग कुणीतरी दयाळू माणूस ढकलणार. त्या दयेचा मला फार कंटाळा आला होता.

आधी टायरचं सांगते. मागच्या मधल्या आणि पुढच्या चाकाला कंपनीचं माप ९०/१००-१० (रुंदी ९० मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या १०० टक्के, रिम १० इंची), पुढे भार आणि वेगाची खूण ५३ जे. यातल्या ५३ चा अर्थ एक टायर २०६ किलो पेलतो, जे म्हणजे ताशी १०० किलोमीटरपर्यंत. साइड व्हीलच्या रिमा मात्र जुन्या चेतकच्या धर्तीच्या, दोन भाग बोल्टने जोडलेल्या, आत ट्यूब. त्यांना ३.५०-१० लागतो. दोन्ही मापांची उंची जवळपास सारखी येते, त्यामुळे चाकं एका पातळीत राहतात.

मधल्या चाकाला ११०/९०-१० टाकायचा मोह मला झाला होता. काही स्कूटरना तो मागे येतो, दिसायला भरदार, पकडही चांगली असणार असं वाटतं. पण कागदावर हिशेब केला. ९०/१००-१० ची उंची ४३४ मिलिमीटर, ११०/९०-१० ची ४५२. म्हणजे मधलं चाक या फरकाच्या निम्म्याने, ९ मिलिमीटरने गाडी वर उचलणार आणि साइडची चाकं तेवढी हलकी पडणार. वळणावर ते मला नको होतं. शिवाय बेल्टच्या बाजूला जागा किती उरते याचीही धास्ती. आहे तेच माप ठेवलं. पुढे एमआरएफचा झॅपर, मध्ये सिएटचा मिलाझ, साइडला साधे नायलॉनचे.

खरेदीत एक गंमत झाली. पहिल्या दुकानात "ताई, तुमच्यासाठी दीडशे कमी" म्हणत एक टायर काढून दिला. बाजूवर चार आकडे पाहिले, १८२२. म्हणजे २०२२ सालच्या अठराव्या आठवड्यात बनलेला, तीन वर्षं मांडणीवर पडून असलेला माल. परत दिला. दुसऱ्या दुकानातल्या चाचांनी चालू वर्षीचे काढून दिले आणि वर म्हणाले, "आकडा वाचणारं गिऱ्हाईक आलं की आमचं काम वाढतं." बसवताना पोराने साइडचा एक टायर बाणाच्या उलट्या दिशेला चढवला होता, तो मी लगेच उतरवायला लावला. या दोन भागांच्या रिमांचं एक ध्यानात ठेवा. पंक्चर काढताना पूर्ण हवा सोडल्याशिवाय रिमचे बोल्ट सैल करू देऊ नका. हवा असताना बोल्ट सुटले तर रिमचा अर्धा भाग तोंडावर येतो.

आता हवा. नवे टायर टाकून पहिले तीन आठवडे मी मुद्दाम जुन्या पद्धतीने पस्तीस-पस्तीस चालवले. मधलं चाक तसंच फिरत राहिलं. नवीकोरी नक्षी असून फिरतंय म्हटल्यावर दोष टायरचा नाही हे कळलं. मग भाच्याला घेऊन आमच्या ओळखीच्या धान्याच्या दुकानात गेले, दुपारी गर्दी नसताना. तिथल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर एक चाक चढवायचं, बाकीची तीन त्याच उंचीच्या फळ्यांवर, मी सीटवर बसलेली. फळ्या सारख्या उंचीच्या नसल्या तर सगळं मोजमाप फुकट जातं, हे दोनदा चुकल्यावर समजलं. दुकानदाराला वाटलं मी गाडी भंगारात काढतेय.

पुढचं चाक ७३ किलो, डावं साइड ५४, उजवं ५०, आणि ज्याच्यावर इंजिनाचा सगळा जोर ते मधलं चाक ४१. एकूण २१८. साध्या अॅक्टिव्हावर माझ्या वजनाचं माणूस बसलं तर मागच्या एकट्या चाकावर शंभराच्या आसपास यायला हवेत. माझ्या मधल्या चाकावर त्याच्या निम्म्याहून कमी. मागचा ब्रेकही फक्त त्याच चाकाला आहे, साइडच्या चाकांना ब्रेक नाही. म्हणजे चढाला फिरणार तेच आणि ब्रेक दाबला की घसरणारही तेच. साइडची चाकं त्याला उचलून धरत होती. खड्ड्यावरून जाताना तर ते अधांतरीच राहत असणार.

इथे माझा पहिला अंदाज चुकला. मला वाटलं साइडची हवा कमी केली की ती चाकं बसतील आणि भार मध्ये येईल. पस्तीसवरून बावीसवर आणली, पुन्हा काट्यावर गेले. मधल्या चाकावर जेमतेम चार किलो वाढले. टायर काही फुगा नाही, तेवढ्या हवेने तो एक-दोन मिलिमीटरच दबतो. खरी किल्ली किटच्या आडव्या दांड्यावर होती. साइडचे पाटे ज्या बोल्टने धरलेत, तिथे लांबट खाच आहे. किट बसवणाऱ्याने तो बोल्ट पार टोकाला, साइड व्हील सर्वांत खाली येईल असा आवळलेला. गाडी झुकू नये म्हणून त्याने ते केलं असणार, पण मला सहा वर्षं त्याची किंमत पडली. चाचांच्या शेजारच्या वेल्डिंगवाल्याकडून दोन्ही बोल्ट वर घेतले. पहिल्यांदा जास्तच घेतले. मधल्यावर ८० च्या वर गेलं, चढ झोकात चढली, पण पोवई नाक्याच्या वळणावर आतलं साइड व्हील उचलल्यासारखं वाटलं आणि माझ्या पोटात गोळा आला. पुन्हा थोडं खाली. आता पुढे ७२, मध्ये ६३, डावं ४२, उजवं ४१. पावसाळाभर घराच्या चढावर एकदाच चाक फिरलं, तेही कुणाच्या तरी डंपरमधून सांडलेल्या मातीवर.

वजन कळल्यावर हवेचे आकडे सोपे झाले. टायरला लागणारी हवा त्याच्यावरच्या भारावर ठरते. मधल्यावर कंपनीने धरलं त्यापेक्षा बराच कमी भार, म्हणून २९ ऐवजी २६. साइडला २०. पुढच्यावर भार साधारण साध्या गाडीएवढाच आहे, तरी मी २२ ऐवजी २५ ठेवते. दोन चाकांची गाडी वळताना कलते, आपली कलत नाही. सगळं वळण हँडल फिरवून घ्यायचं, त्यामुळे पुढचा टायर रस्त्यावर आडवा घासला जातो. २२ वर वळताना तो खालून सरकल्यासारखा लागत होता आणि हँडल जड. २५ वर दोन्ही त्रास गेले.

साइडला आणखी खाली जाऊन पाहिलं, सोळा. गचके एकदम कमी झाले, माझ्या कमरेने आशीर्वाद दिले. पाचव्या दिवशी हवा तपासायला वाकले तर डाव्या चाकाचा व्हॉल्व तिरका झालेला. हवा कमी असली की टायर रिमवर सरकतो, ट्यूबला सोबत ओढतो, आणि एक दिवस ट्यूब व्हॉल्वच्या मुळाशी फाटते. ट्यूबच्या चाकात विसाच्या खाली जाऊ नका असं मी म्हणेन. चौघांत मिळून जास्तीत जास्त त्रास मला याच चाकाने दिला.

हवा सकाळी, गाडी थंड असताना बघायची. कोरेगावला पोचल्यावर हेच टायर दोन-तीन पीएसआय जास्त दाखवतात. ते पाहून हवा काढायची नाही, टायर थंड झाल्यावर कमी भरेल. मी सहाशे रुपयांचा साधा डिजिटल गेज घेतला. त्याने पहिल्याच दिवशी दाखवलं की माझ्या नेहमीच्या पंपावरचा काटा चार पीएसआय कमी सांगतो. म्हणजे इतकी वर्षं पस्तीस समजून मी एकोणचाळीस घेऊन हिंडत होते!

झिजेचं सांगायचं राहिलं. दुसऱ्या महिन्यात डाव्या साइडच्या टायरवरून हात फिरवला. पुढून मागे फिरवला तर गुळगुळीत, बाहेरून आत फिरवला तर करवतीचे दाते लागावेत तसं. याचा अर्थ चाक सरळ चाललेलं नाही, तिरकं घासत चाललंय. हवेशी याचा काही संबंध नव्हता. पुढच्या चाकापासून दोरी ताणून मोजलं, डाव्या चाकाची पुढची कड मागच्या कडेपेक्षा ९ मिलिमीटर बाहेर. वेल्डिंगवाल्याने दांड्याच्या बैठकीत दोन वायसर घातले आणि काम झालं. ऐंशी रुपये. मागच्या सहा वर्षांत त्या बाजूला मी किती टायर टाकले ते आता मोजत नाही.

आजचे आकडे: साइडचे टायर नवे होते तेव्हा नक्षीची खोली ५ मिलिमीटर, आता डावा ३.७, उजवा ४. मधला ५.५ वरून ३.६. त्याच्या मध्यभागी एक पट्टा चपटा होतोय आणि दोन्ही कडांवरचे रबराचे केस अजून शाबूत. दुचाकीचा टायर गोल असतो तो कलण्यासाठी. आपल्या गाडीत ती गोलाई वायाच जाते, त्याला इलाज नाही. कायद्याने दुचाकी-तीनचाकीला ०.८ मिलिमीटर नक्षी चालते. पण ब्रेक एकाच मागच्या चाकाला असताना पावसाळ्यात मी १.५ च्या खाली जाणार नाही.

मायलेज किती वाढलं असं दोघा-तिघांनी विचारलं. मला फरक जाणवला नाही.

पंक्चर आठ महिन्यांत दोन, दोन्ही साइडला, दोन्ही बाभळीचे काटे. रस्त्याच्या कडेचा सगळा कचरा डावं चाक गोळा करतं. मधला ट्यूबलेस असल्याने त्यात काही घुसलं तरी घरापर्यंत पोचता येईल, साइडचं बसलं तर गाडी लगेच एका अंगाला झुकते. म्हणून एक जादा ट्यूब आणि पायपंप डिकीत ठेवते. बदलायला मात्र माणूस लागतोच, हे काम मला एकटीला जमत नाही.

माझे २५-२६-२०-२० जसेच्या तसे भरू नका. तुमचं वजन वेगळं, किट वेगळं, मागे कुणी बसत असेल तर सगळंच वेगळं. काट्यावर एक दुपार घालवा. आमचा दुकानदार आता दुसऱ्या एका साइड व्हीलवाल्या काकांनाही फळ्या देतो, पैसे घेत नाही.

पुढच्या टायरची डावी कड उजवीपेक्षा लवकर जातेय. आपले रस्ते मध्ये उंच आणि कडेला उतरते, डावीकडून चालणारी गाडी कायम जराशी डावीकडे कललेली, आणि मी हँडल नकळत उजवीकडे धरून असते. डाव्या साइडला २२ आणि उजव्याला २० करून दोन आठवडे बघतेय. ओढ थोडी कमी वाटते, पण कडेची झीज थांबते का ते अजून दोन हजार किलोमीटर गेल्यावर कळेल.